चर्चची फेलोशिप आणि आपले बंद विहार

वस्तीत नवे चर्च येते तेव्हा इमारत आधी येत नाही, माणसे येतात. भाड्याच्या खोलीत प्रार्थना सुरू होते. मग महिलांसाठी शिवणवर्ग, मुलांची रविवारची शाळा, दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक, नाताळची गाणी आणि प्रार्थनेनंतरचे एकत्र जेवण. यालाच ते ‘फेलोशिप’ म्हणतात. शहरांतल्या कष्टकरी वस्त्यांत आपली काही बौद्ध कुटुंबेही तिथे जाताना दिसतात.

यावर आपली प्रतिक्रिया ठरलेली असते : ‘पैसे देऊन बाटवतात.’ वस्तीत काम करताना कानावर येणारी कारणे याहून साधी असतात. नवरा दवाखान्यात होता तेव्हा ती माणसे रोज आली. मुलगा व्यसनात गेला तेव्हा कुणीतरी शेजारी बसून ऐकून घेतले. समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ सालीच दाखवून दिले की धर्माची ताकद माणसांना एकत्र आणून समूह घडवण्यात असते. पास्टरला हे पुस्तक वाचावे लागत नाही, तो दर आठवड्याला तेच करतो.

म्हणून सगळेच मान्य करायचे असे नाही. प्रार्थनेने आजार जातो, गोळ्या बंद करा, असे कुणी सांगत असेल तर ठाम विरोध झालाच पाहिजे. अशा फसवणुकीसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. दुसरी गोष्ट जातीच्या दाखल्याची. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आज हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच आहे. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुद्दुचेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्या महिलेला अनुसूचित जातीचा दाखला नाकारला. शिष्यवृत्ती, राखीव जागा, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण हे सारे त्या दाखल्यावर उभे आहे. फेलोशिपच्या जेवणात हे सांगितले जाते का, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक कुटुंबाला आहे. धर्म बदलला म्हणून जात सुटत नाही आणि तरीही संरक्षण जाते, हा अन्याय आहेच. पण तो माहीत असूनच निर्णय व्हायला हवा.

मात्र चर्चविरोधी तक्रारअर्जावर सह्या करण्याआधी आणि कडक धर्मांतरबंदीच्या मागणीत सूर मिसळण्याआधी गुजरातकडे पाहा. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या सरकारने परिपत्रक काढले : बौद्ध धर्म स्वतंत्र धर्म आहे, म्हणून हिंदू धर्मातून बौद्ध होण्यासाठीही जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल. पास्टरसाठी मागितलेला कायदा भन्तेंच्या दारातही येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंना अशी परवानगी मागत रांगेत उभे राहावे लागले असते तर? धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य ही आपल्या धम्मक्रांतीची पायाभरणी आहे. ते शेजाऱ्याला नाकारून आपल्यापुरते राखता येणार नाही.

खरा प्रश्न आपल्या दारातला आहे. १९५० मध्ये ‘महाबोधि’ नियतकालिकातील लेखात बाबासाहेबांनी भिक्खू संघात विद्या आणि सेवा उरली नसल्याची खंत मांडली होती. पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेतही त्यांनी विचारले : भिक्खू स्वतःपुरता परिपूर्ण माणूस की समाजसेवक? आज किती विहार जयंती, बुद्धपौर्णिमा, वर्षावास आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन सोडले तर कुलूपबंद असतात? जयंतीच्या डीजेला वर्गणी निघते, अभ्यासिकेच्या वीजबिलाला निघत नाही.

उपाय खर्चिक नाही. रविवारी वंदनेनंतर सोबत चहा-नाश्ता. आजारी माणसाकडे जाण्यासाठी पाच उपासक-उपासिकांची पाळी. संध्याकाळी दोन तास अभ्यासिका. व्यसनी तरुणाच्या आईला बोलता येईल असा एक कोपरा. मैत्री आणि करुणा हे आपल्याकडे वंदनेतले शब्द आहेत. ते घरोघरी पोहोचले तर समोरच्या चर्चची भीती वाटणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!