मावळे मांडून झाले, पुढे काय?

दिवाळी जवळ आली की आमच्या महाडच्या गल्लीत किल्ल्याची धांदल सुरू होते. खरा रायगड उशाशी आहे, तरी दरवर्षी दगड-विटा रचायच्या, गोणपाटावर मातीचा लेप द्यायचा, वर अळीव पेरायचे आणि शेवटी महाराजांना सिंहासनावर बसवायचं, यातला आनंद काही कमी होत नाही.

गेल्या दिवाळीत मी अंगणात उभी राहून बघत होते. माती चाळायला मुली, पाणी आणायला मुली, चिखल कालवायलाही मुलीच. मावळे मांडायची वेळ आली तेव्हा मात्र मुलगे पुढे सरसावले. मुलींना म्हणे, "तुम्ही समोर रांगोळी काढा." बाकीच्या गेल्या. शेजारची सातवीतली पोर मात्र हलली नाही. हाताचा चिखल फ्रॉकला पुसत मला विचारते, "काकू, मावळे मांडून झाले, आता पुढे काय?"

खरंच, पुढे काय? मी लहान होते तेव्हापासून बघतेय. किल्ला चार दिवस तसाच उभा राहतो, येणारे-जाणारे कौतुक करतात, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत मावळे खोक्यात जातात. लढायचं राहूनच जातं!

पोरीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याकडून. सुट्टीत आला तेव्हा त्याच्या पिशवीत एक डबा होता. आत इंचभर उंचीचे, हाताने रंगवलेले चिमुकले सैनिक. "मावशी, यांची लढाई खेळतात. टेबलावर, फासे आणि टेप घेऊन." मला आधी हसूच आलं. घोड्याएवढा झालास आणि बाहुल्या खेळतोस? पण मग त्याने सांगितलं ते ऐकत बसले.

हा खेळ नवा नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमाराला अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावर ठोकळे मांडून अशी लढाई खेळत. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने खेळण्यातल्या सैनिकांची लढाई कशी खेळायची, यावर 'लिट्ल वॉर्स' नावाचं पुस्तकच लिहिलं. गंमत म्हणजे पुस्तकाच्या नावातच त्याने हा खेळ मुलग्यांचा म्हणून टाकलाय. मुलग्यांचे खेळ आवडणाऱ्या जरा जास्त हुशार मुलींना तेवढं मोठ्या मनाने आत घेतलंय! म्हणजे रांगोळी काढायला पाठवणारे सगळीकडेच होते म्हणायचे.

आज परदेशात या सैनिकांच्या मोठमोठ्या कंपन्या आहेत आणि त्यांच्या पेट्यांच्या किमती ऐकून आपल्या पोटात गोळा येतो. पण सुरुवात करायला त्यातलं काही लागत नाही. आम्ही केली ती अशी.

मावळे घरात होतेच. कुंभाराकडून घेतलेले, बोटाएवढे. सगळे सारख्या उंचीचे निवडले, एका बाजूला दहा आणि दुसऱ्या बाजूला दहा. एका फौजेचे फेटे पांढरे, दुसरीचे निळे रंगवले. प्रत्येकाला खाली पुठ्ठ्याची एक इंची चौकोनी चकती चिकटवली. त्याने मावळा पडत नाही, आणि उचलताना चकतीला धरलं की भालाही मोडत नाही. जेवणाच्या टेबलावर पुस्तकांचे दोन-तीन ढीग रचून वर जुनी हिरवी सुती साडी टाकली. झाला सह्याद्री! मोजायला माझ्या शिलाईच्या डब्यातली टेप आणि लुडोचे फासे.

नियम एका कागदावर मावले. आपली पाळी आली की पायदळाने सहा इंच चालायचं, घोडेस्वाराने बारा. चढावर निम्मं. शत्रूला भिडलं की दोघांनी फासा टाकायचा, ज्याचं दान मोठं तो जिंकला. जो उंचावर उभा त्याच्या दानात एक मिळवायचा. आठ पाळ्या झाल्या की लढाई संपली. भांडण झालं तर फासा सांगेल ते खरं. बस्स. पहिल्या दिवशी एवढंच खेळा, मैत्रिणींनो. मोठं सैन्य आणि मोठे नियम मागाहून येतात. एकदम शंभर सैनिक आणून ठेवणाऱ्यांचे पन्नास तरी कायम न रंगवलेले राहतात, असं भाचा म्हणतो.

पहिली लढाई मी हरले. सगळे मावळे एकदम पुढे काढले आणि एकटेएकटे मारून घेतले. दुसरीत शेजारच्या पोरीने मला हरवलं. ती आधी पाच मिनिटं टेबलाभोवती नुसती फिरली, मगच फासा हातात घेतला.

मग आम्ही आपल्याच रायगड जिल्ह्यातली उंबरखिंड मांडली. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान मोठी मोगली फौज घेऊन घाट उतरत होता, तेव्हा शिवाजी महाराजांनी त्याला तिथल्या अरुंद खिंडीत गाठलं. आम्ही खानाला चाळीस सैनिक दिले आणि मावळे दहाच. मात्र साडीच्या दोन डोंगरांमधली वाट ठेवली तीन इंच. एका चकतीला एक इंच, म्हणजे एका वेळी तीनच माणसं लढणार. उरलेले सदतीस मागे नुसते उभे! शाळेत 'गनिमी कावा' हा शब्द किती वेळा पाठ केला असेल. तो कळला त्या दिवशी, टेबलाशी उभं राहिल्यावर.

त्या मोगली फौजेत रायबागन ही माहूरची सावित्रीबाई देशमुख होती. 'शिवभारता'त वर्णन आहे की, कोंडीत सापडलेल्या खानाने तिचा सल्ला घेतला आणि तिने त्याला शरण जायला सांगितलं. म्हणजे लढाई हरलीय, आता माणसं वाचवा, हे ओळखणारी तिथे एक बाई होती. आपल्या मुलींना गडावरची कडा उतरणारी हिरकणी माहीत असते, ती असावीच. पण सैन्यात राहून सल्ला देणारी रायबागन का माहीत नसावी?

हा खेळ मी पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत आमच्या बचत गटाच्या बैठकीनंतर नेला. बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांतली एक बाई वर्षभर बैठकीत अंगठ्यापलीकडे काही देत नव्हती. ती टेबलाजवळ आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "इथं नाही ओ ताई, त्या वळणावर दोघं ठेवा. तिथं मोळी घेऊन एकच माणूस जातो." जन्मभर लाकडाच्या मोळ्या घेऊन घाटवाटा तुडवलेल्या बाईला कुठे वाट अडते हे कुणी शिकवायचं? तिची बाजू जिंकली. दुसऱ्या दिवसापासून ती ग्रामसभेत बोलायला लागली, असं काही मी सांगणार नाही. तसं झालं नाही. पण पुढच्या बैठकीला तिने स्वतःहून विचारलं, "ते मावळे आणलेत का?" वर्षभरातला तिचा तो पहिला प्रश्न होता.

मला दोन आक्षेप ऐकायला मिळाले. एक म्हणजे, "लढाईचं डोकं बायकांना नसतं." अहो, बुद्धिबळ म्हणजे तरी काय, लढाईच की! रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरल्या, तेव्हाही केवढा गदारोळ झाला होता. आणि २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकून आणला तो नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचला. "समाजकार्य करता आणि पोरांना मारामारी शिकवता?" याचा मी बरेच दिवस विचार केला. महाड तालुक्यातच फौजी आंबवडे आहे, घराघरातून सैन्यात माणूस देणारं गाव. लढाई म्हणजे गंमत नाही, हे आपल्या भागातल्या बायकांना दुसऱ्या कुणी सांगायला नको. पण मोबाइलवरच्या खेळात मेलेला माणूस क्षणात नाहीसा होतो. इथे तो आपल्या हाताने आडवा करावा लागतो आणि शेवटी मोजावा लागतो. उंबरखिंडीनंतर ती सातवीतली पोर पडलेले मावळे मोजत होती. मोजता मोजता म्हणाली, "काकू, आपण जिंकलो, पण यांच्या घरी कोण सांगायला जाणार?" आम्ही दोघी जरा वेळ गप्पच बसलो. हा प्रश्न ज्या खेळातून निघतो, तो खेळ वाईट कसा म्हणू? वेल्सनेही शेवटी तेच म्हटलंय, की टेबलावरची लढाई खेळून बघितली की खरी लढाई किती भयंकर असेल ते उमजतं.

मंगळागौर, भोंडला हे आपले खेळ आहेतच, ते सोडू नका. पण जिथे डोकं लावायचं, हुकूम द्यायचा, हरायचं आणि पुन्हा डाव मांडायचा, अशा खेळातून आपण लवकर बाहेर पडतो. बाहेर काढल्या जातो म्हणा ना. या दिवाळीत किल्ला झाला की मावळे खोक्यात टाकू नका. जुनी साडी काढा, टेप काढा, मुलीच्या हातात फासा द्या.

आणि रांगोळी? ती मुलग्यांना काढू द्या की एकदा!