कोणी केलं?

बायकांना दागिन्यांचा सोस फार, असं पुरुष पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. असेल हो! पण त्या सोसाचं व्याकरण कधी कोणी तपासलं आहे का? लग्नात बाप मुलीच्या अंगावर दहा तोळे ‘घालतो’. सासू पाटल्या ‘चढवते’. नवरा दिवाळीला गोठ ‘करतो’. बाईच्या वाट्याला क्रियापद एकच, ती ‘मिरवते’. आणि घर अडचणीत आलं की आणखी एक. ती ‘मोडते’.

गेल्या वर्षी भिशी लागली, त्यात पगारातली थोडी शिल्लक घालून मी मोत्याच्या कुड्या घेतल्या. सराफानं माझ्या खांद्यावरून मागे डोकावत विचारलं, ‘साहेब गाडी लावताहेत का?’ साहेब घरी भेंडी चिरत होते. शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘भाऊजींनी केल्या वाटतं?’ ‘मी केल्या,’ म्हटल्यावर काकू एकदम गप्प. संध्याकाळी नणंदेचा फोन, ‘वहिनी, सगळं ठीक आहे ना गं?’ आमच्या ह्यांनी स्वतःच्या पैशांनी मोटारसायकल आणली, तेव्हा ‘वहिनींनी केली का?’ असं कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

सरकारही काकूंच्याच मताचं. १९९४ साली प्रत्यक्ष कर मंडळानं आयकर अधिकाऱ्यांना सूचना दिली: धाडीत विवाहितेचे ५०० ग्रॅमपर्यंत दागिने जप्त करू नका, अविवाहितेचे २५०, पुरुषाचे १००. म्हणजे अक्षता पडल्या की सोनं दुप्पट! पस्तीस वर्षं नोकरी केलेली अविवाहित मुख्याध्यापिका सरकारी तराजूत निम्मी भरते.

उलट धडा मला मिळाला दाभोशाला. जव्हारपासून वीसेक किलोमीटरवर लेंडी नदी तिथे सुमारे तीनशे फूट खाली उडी घेते, ती बघायला आम्ही मैत्रिणी गेलो होतो. चहाच्या टपरीवरच्या बाईंच्या मनगटात चांदीचं जाड कडं होतं. आमच्यातल्या एकीनं विचारलंच, ‘छान आहे. नवऱ्यानं केलं?’ बाईंनी गाळणं आपटलं. ‘नवऱ्यानं कशाला? भाताच्या लावणीला मी गेलते.’ विषय संपला. पुढचा कप.

या जव्हार-मोखाड्याच्या वारल्यांत परंपरेनं लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाई. आणि देज द्यायचं ते मुलाकडच्यांनी. म्हणून तिथे सगळं सुखाचं आहे असं नव्हे. पावसाळा संपला की घरंच्या घरं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. अशा ठिकाणी कडं म्हणजे शोभा नव्हे, बँक. पण खातं कोणाच्या नावावर, याविषयी त्या बाईंना तिळमात्र शंका नव्हती.

आता कोणी म्हणेल, घरच्यांनी प्रेमानं दिलेलं घेऊ नये की काय? घ्यावं की! कायदाही बाजूनं आहे. स्त्रीधन हे बाईच्या पूर्ण मालकीचं. सासरच्यांनी ते नुसतं सांभाळायचं, आणि मागितल्यावर अडकवून ठेवलं तर तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. मात्र त्यासाठी एका बाईला दिल्लीपर्यंत जावं लागलं. त्यापेक्षा कपाटात स्वतःच्या नावाची पावती बरी. २०२३ पासून हॉलमार्कच्या प्रत्येक सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा स्वतंत्र क्रमांक असावाच लागतो. कुडीलासुद्धा स्वतःची ओळख मिळाली. ती घालणारी मात्र अजून ‘कोणी केलं?’ला उत्तर देत बसलीय.

तेव्हा बायांनो, पहिल्या पगारातून गुंजभर का होईना, स्वतः घ्या. वाढदिवस नको, पाडवा नको, कारण नको. पावतीवर ‘मिसेस अमुक’ नको, आपलं नाव लिहायला सांगा. उद्या घरावर वेळ आली तर तुम्ही ते मोडालही. आपल्या आयांनी, आज्यांनी मोडलंच आहे. फरक एवढाच, की त्यांना ‘काढून दे’ म्हणून सांगितलं गेलं. तुम्हाला विचारावं लागेल.