जोच्या वाट्याचं जेवण

हॉवर्ड हॉक्सचा १९३९चा 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज' मला फार आवडतो, असं वाशिमच्या बैठकीत बोलून गेले आणि एका मैत्रिणीनं कपाळावर हात मारला. "मर्दुमकीचा सिनेमा, अन् तुला आवडते?" आवडतो. म्हणूनच त्याच्याशी भांडायचं आहे.

दक्षिण अमेरिकेतलं एक बंदर. डोंगराच्या खिंडीतून, धुक्यातून टपाल नेणारे मूठभर वैमानिक. पहिल्याच रात्री जो नावाचा तरुण, बॉनीबरोबर जेवायचं म्हणून हुकूम मोडून धुक्यात विमान उतरवायला जातो आणि मरतो. त्याच्या वाट्याचं जेवण त्याचा साहेब, केरी ग्रांट, शांतपणे खातो. जो कोण, हेही जणू कुणाला आठवत नाही. बॉनी (जीन आर्थर) आधी संतापते, मग परत येऊन पियानोवर बसते. दुःख गिळून कामाला लागणं इतकं खरं मी क्वचितच पडद्यावर पाहिलं.

पण सिनेमाच्या मते हे बळ पुरुषांचं. बाईला ते सोसत नाही, ती पाय मागे ओढते. हे तेव्हाही खोटं होतं. लाहोरच्या सरला शर्मांनी (पुढे ठकराल) १९३६ साली, २१व्या वर्षी, घरात ४ वर्षांची मुलगी असताना, साडी नेसून विमान उडवलं आणि परवाना मिळवला. पती टपालाची विमानं नेत. १९३९ साली, सिनेमा आला त्याच वर्षी, ते अपघातात गेले. सरला व्यावसायिक परवान्यासाठी जोधपूरला गेल्या. महायुद्धानं प्रशिक्षण बंद पाडलं, त्यांच्या अश्रूंनी नव्हे. आणि १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुखांनी सगळ्या बायकांच्या चमूसह कोलकात्याहून सिलचरला विमान नेलंच.

हॉलिवूडनं १९३३च्या 'ख्रिस्तोफर स्ट्राँग'मध्ये कॅथरीन हेपबर्नला वैमानिक केलं खरं, पण शेवटी आकाशातच आत्महत्या करायला लावली. दिग्दर्शक डोरोथी आर्झनर, म्हणजे बाईच, तरीही!

आमचा जिल्हा २००६च्या शेतकरी आत्महत्या पॅकेजमधल्या सहांपैकी एक. इथं नवरा गेल्यावर तेरवी होते न होते तोच बाई सोयाबीन पेरायला उतरते, सातबारावर नाव नसलेल्या वावरात. तेव्हा गाव म्हणतं, "हिच्या डोळ्यात पाणीबी नाही." केरी ग्रांटच्या कोरड्या डोळ्यांना मात्र धैर्य म्हणायचं!

पुढच्या बैठकीत हा सिनेमा लावते आहे, मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगत. जोच्या वाट्याचं ताट पुढे येईल तेव्हा मी पडद्याकडे नाही, आपल्या बायकांकडे बघणार आहे.