कुणासाठी पळायलाव?

आमच्या गटाच्या मागच्या बैठकीत एका ज्येष्ठ मैत्रिणीने मला सगळ्यांसमोर सुनावलं. "विडी कामगार बायकांच्या वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्तीने मॅरेथॉनची तयारी करावी, ही भरल्या पोटाची चैन आहे. त्या बायकांच्या अंगात पळण्याइतकं रक्त तरी आहे का?" मी एरवी भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध आहे. पण जिच्याकडून भांडायला शिकले तिच्याशीच भांडायची वेळ आली की जीभ अडखळते. बैठकीत गप्प बसले, म्हणून आता लिहिते आहे.

रक्ताचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, तिथूनच सुरुवात करते. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, रक्तक्षयी निघाल्या. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे आपण पुढे गेलो नाही, मागे आलो. आणि या ५४ टक्क्यांत मीही होते. भवानी पेठेतल्या आमच्या शिबिरात बायका बोट टोचून घ्यायला घाबरत होत्या, म्हणून त्यांना धीर द्यायला मी आधी माझं बोट पुढे केलं. हिमोग्लोबिन निघालं ८.७. बाईला किमान १२ हवं. वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या वाटत फिरणारी, समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलेली मी, स्वतः जिने चढताना धापा टाकत होते आणि त्याला 'कामाचा ताण' म्हणत होते. गोळी चहाबरोबर घेतली तर लोह अंगाला लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, हे मी शेकडो बायकांना सांगितलं असेल. स्वतःला गोळीच दिली नव्हती, मग चहा काय आणि लिंबू काय!

तर मैत्रिणींनो, माझी मॅरेथॉन सुरू झाली ती बुटांनी नाही, गोळ्यांनी. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, आधी रक्त, मग पळणं. काही महिने नुसतं औषध, पालेभाजी, हरभरे आणि चालणं. रक्त बाराच्या आसपास आल्यावर एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. पहिल्या आठवड्यात ते एक मिनिट संपता संपत नसे. आता रविवारी मी सव्वीस किलोमीटर पळते. हळू पळते, बरोबरच्या बाईशी बोलता येईल इतकं हळू. आधी वाटायचं हळू पळणं म्हणजे कमीपणा. पण लांब पल्ल्याचं शास्त्रच ते आहे. शरीरात साठवलेली साखर तिसाव्या किलोमीटरच्या पुढेमागे संपत येते, सुरुवातीला उधळलेला माणूस तिथेच बसतो. पळायला निघण्याआधी शेंगदाण्याचा लाडू आणि चिमूटभर मीठ घातलेलं पाणी घेते. येत्या हिवाळ्यात ४२ किलोमीटर १९५ मीटर पळायचं ठरवलं आहे.

पहाटे पावणेपाचला मी घोंगडे वस्तीतून निघते, तेव्हा काही घरांत आधीच दिवा असतो. विडीची पानं रात्री भिजत घातलेली असतात, ती कापायला बसलेल्या बायका दारातून दिसतात. पहिल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या अक्कांनी विचारलं, "मॅडम, कोण मागं लागलंय का?" नाही म्हटलं. "मग शुगर निघाली का?" नाही. "मग मूल राहावं म्हणून डॉक्टरनं सांगितलं असेल." तेही नाही. तेव्हा अक्कांनी सरळ विचारलं, "मग कुणासाठी पळायलाव?"

या प्रश्नाला 'माझ्यासाठी' असं उत्तर मी दिलं नाही, हे कबूल करते. 'तब्येतीसाठी' असं काहीतरी पुटपुटले. बाईला स्वतःच्या नावावर घर मागता येतं, शिधापत्रिका मागता येते. पण एक तास स्वतःच्या शरीरासाठी मागताना माझ्यासारखीचीही जीभ टाळ्याला चिकटते.

आपल्याकडे बाईच्या आरोग्याचं समर्थन नेहमी दुसऱ्याच्या नावाने होतं. भिंतीवर लिहिलेलं असतं, आई निरोगी तर घर निरोगी. म्हणजे आई नसलेली बाई, टाकलेली बाई, पन्नाशी उलटलेली विधवा विडी कामगार, हिच्या गुडघ्यांचं काय? सरकारी आरोग्यसेवेच्या दारात बाई वर्षानुवर्षं उभी राहिली ती 'माता' म्हणून किंवा 'कुटुंब नियोजनाची केस' म्हणून. गर्भाशयाच्या वर छाती असते, तिच्यात फुप्फुसं असतात आणि ती तंबाखूच्या धुळीने भरतात, याकडे लक्ष वेधायला संघटनांना मोर्चे काढावे लागले.

२०१३ साली बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी पळणाऱ्या आणि जिंकणाऱ्या लता भगवान करे आपल्या सगळ्यांना आठवत असतील. साठी ओलांडलेली शेतमजूर बाई, नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून बक्षिसासाठी पळाली. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. त्यांच्या हिमतीपुढे मी काय बोलणार! पण महाराष्ट्राने डोळे पुसत त्यांचं जे कौतुक केलं त्याची मला भीती वाटते. ती बाई स्वतःच्या गुडघ्याच्या दुखण्यासाठी पळाली असती तर? नुसतीच, पळावंसं वाटलं म्हणून पळाली असती तर? सावित्री यमाच्या मागे चालली ती नवऱ्यासाठी, म्हणून तिचं व्रत झालं.

आमच्या सोलापुरात याचा पुरावा दरवर्षी रस्त्यावर दिसतो. आश्विन पौर्णिमेला, कोजागरीला, लाखो माणसं पायी तुळजापूरला जातात. रूपाभवानीच्या देवळावरून तुळजापूरचा रस्ता धरायचा आणि रात्रभर चालायचं. हे अंतर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर आहे, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा जास्तच. आमच्या पेठेतल्या विणकर घरांतल्या, विडी वळणाऱ्या, साठ-पासष्टीच्या बायका हे अंतर जातात, कित्येक अनवाणी जातात. त्या रात्री कुणी विचारत नाही की रक्त आहे का, अंगात त्राण आहे का, स्वयंपाक कोण करणार. नवस नवऱ्याचा, मुलाच्या नोकरीचा, सुनेच्या बाळंतपणाचा असतो. त्याच बाईने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतःसाठी पाच किलोमीटर चालायला जाते म्हटलं, तर घरात विचारतील, डोकं फिरलं का?

नवरात्राआधी पोरं तुळजापुराहून ज्योत घेऊन आपापल्या गावी पळत जातात. मागे टेम्पो, गुलाल, घोषणा. आळीपाळीने पळायचं, थकलं की टेम्पोत बसायचं. त्यांत मुलगी मी तरी क्वचितच पाहिली. देवी बाई, तिची ज्योत वाहणारे पुरुष. आणि त्याच देवीला दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर पौर्णिमेपर्यंत पलंगावर निजवतात, तिला श्रमनिद्रा म्हणतात. महिषासुराशी लढून देवी दमली, तिला विश्रांती हवी, हे आपल्या परंपरेला शेकडो वर्षांपूर्वी कळलं. हजार विड्या वळून, वर दोन वेळची चूल करून दमलेल्या बाईची श्रमनिद्रा कुठल्या पंचांगात आहे?

'बाईला पळणं झेपत नाही' हे जुनं लबाड शास्त्र आहे, आणि ते केवळ आपलं नाही. १९२८ साली ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा आठशे मीटर पळाल्या. काहीजणी शेवटी दमल्या, तर वर्तमानपत्रांनी असा गहजब केला की ती शर्यत बंद झाली ती १९६० पर्यंत. दमलेले पुरुष कधी कुणाला खटकले नाहीत. १९६७ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्विट्झर हिने नावाची केवळ आद्याक्षरं लिहून क्रमांक मिळवला, २६१. रस्त्यात एक अधिकारी धावत आला आणि तो क्रमांक तिच्या अंगावरून ओरबाडू लागला. तिने शर्यत पूर्ण केली. बोस्टनने बायकांना रीतसर प्रवेश दिला १९७२ मध्ये. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची मॅरेथॉन १८९६ पासून आहे, बायकांची आली १९८४ मध्ये. मधली अठ्ठ्याऐंशी वर्षं बायकांचं गर्भाशय सांभाळण्यात गेली म्हणायची!

हो, गर्भाशयच. पळाल्याने 'अंग बाहेर येतं' हे मला आमच्या गल्लीतही तीन बायकांनी सांगितलं. अंग बाहेर येतं ते लागोपाठच्या बाळंतपणांनी, ओल्या बाळंतिणीने चौथ्या दिवशी पाण्याची घागर उचलल्याने. नळाला पाणी येण्याच्या दिवशी आमच्या वस्तीत पोटुशी बाई सुद्धा दोन जिने हंडे चढवते. तेव्हा तिच्या गर्भाशयाची काळजी कुणालाच नसते.

आता 'घरकाम हाच व्यायाम' म्हणणाऱ्यांविषयी. विडी वळणारी बाई दिवसाचे आठ-दहा तास मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून बसते. बोटं तेवढी पळतात, बाकी शरीर जखडलेलं. कंबर धरते, गुडघे आखडतात, खोकला जात नाही. श्रम शरीर झिजवतात, व्यायाम ते भरून काढतो. श्रमाची वेळ मालक ठरवतो, व्यायामाची आपण ठरवतो. जात्यावर दळणाऱ्या आजीला ठणठणीत म्हणून मिरवणारे लोक त्या आजीच्या कमरेला कधी विचारत नाहीत.

ज्येष्ठ मैत्रिणीच्या 'भरल्या पोटाची चैन' या शब्दांना माझी खरी हरकत इथे आहे. लांब पल्ल्याच्या शर्यतींत महाराष्ट्राचं नाव कुणी काढलं? नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या आदिवासी घरातल्या कविता राऊतने, जिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरने, जी २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. यांची पोटं भरलेली होती म्हणून त्या पळाल्या नाहीत. गरीब बाईला फक्त भाकरीची गरज असते, मोकळ्या हवेची आणि स्वतःच्या ताकदीच्या आनंदाची नसते, असं आपण चळवळीतल्या बायकांनी मानायला लागावं? मग मालकात आणि आपल्यात काय फरक राहिला?

पण तिचं एक म्हणणं मला मान्य करावंच लागेल. माझ्या बुटांची किंमत आमच्या वस्तीतल्या बाईच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी आहे. मला पगार आहे, नवरा सकाळचा चहा करतो, एक तास गेला तर माझी मजुरी कापली जात नाही. विडीचा हिशेब नगावर असतो. एक तास पळणं म्हणजे तेवढ्या विड्या कमी, आणि त्यात वर छाट निघाली तर आणखी कमी. आमच्या संध्याकाळच्या चालण्याच्या गटात सुरुवातीला अकराजणी होत्या, सहा उरल्या. एकीला नवऱ्याने मारलं, चारजणींना हजाराचा आकडा पुरा होईना. म्हणून बायकांचं आरोग्य हा 'जागृती'चा प्रश्न आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. जागृती भरपूर आहे. वेळ नाही. आणि वेळ मजुरीच्या दरातून येतो. एवढ्यावर मैत्रीण आणि मी एकाच बाजूला आहोत.

म्हणूनच त्या गुलाबी बनियनांच्या शर्यतींचाही मला राग येतो. आठ मार्चच्या सुमारास अशी एक शर्यत मी पळाले. पुरुषांना दहा किलोमीटर, बायकांना तीन. का, तर 'लेडीज' आहेत. सुरुवातीला सिनेमाची गाणी लावून नाच, शेवटी पैठणीची सोडत. पहिल्या आलेल्या पुरुषाला रोख रक्कम, बाईला प्रेशर कुकर. कुकर घरी आणला नाही. (नंतर सासूबाई हळहळल्या. चांगला पाच लिटरचा होता.)

अंधारात पळणाऱ्या बाईला लागतं काय, ते सोडतीत मिळत नाही. रस्त्यावर दिवे लागतात. मोटारसायकल हळू करून बरोबर चालवणाऱ्या पोरांना हटकणारं कुणीतरी लागतं. पाळीच्या दिवसांत थांबता येईल असं एक उघडं, पाणी असलेलं स्वच्छतागृह लागतं. गेल्या उन्हाळ्यात मी जवळच्या एका मैदानावर जाऊन पाहिलं. सोलापूरचा मे महिना, सात वाजले की डांबर तापतं, मैदानाची माती बरी. रखवालदार म्हणाला, सकाळी क्रिकेटची पोरं असतात, लेडीजनी संध्याकाळी यावं. संध्याकाळी गेले, तर म्हणाला, संध्याकाळी बायकांनी थांबणं बरं नाही. नियम कुठे लिहिलाय विचारलं, तर तो लिहिलेला नव्हता.

तेव्हा आम्ही सहाजणींनी अर्ज लिहिला. मैदान सकाळी पाच ते सात बायकांना खुलं असावं, फाटकाजवळ दिवा असावा, बंद असलेलं स्वच्छतागृह उघडावं. सहीच्या ठिकाणी चौघींनी सही केली, दोघींनी अंगठा. अक्कांना मी वाचून दाखवला. त्यांनी सातवी सही केली. त्या पळत नाहीत, त्यांचे गुडघे गेलेत. "लिही," म्हणाल्या, "बसायला एक बाकडं पण पाहिजे." ते शेवटी हाताने लिहून जोडलं.

अर्जाला अजून उत्तर नाही. दर सोमवारी आम्ही कचेरीत विचारायला जातो.