रात्रीची हाक आणि तिचे मोल

आपल्या व्यवसायात मोबदल्याविषयी बोलणे आजही काहीसे अप्रशस्त मानले जाते. रात्रीच्या सेवेचा विषय निघाला की ‘वैद्याने सदैव तत्पर असावे’ या एका वाक्यावर चर्चा संपते. तत्परता हा वैद्याचा धर्म आहेच. परंतु तत्पर राहणे हेही श्रमच आहेत आणि त्यांचे मोल ठरले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाभुळगाव तालुक्यात शेतीचा हंगाम हाच रात्रीच्या हाकांचा हंगाम असतो. पावसाळ्यात सर्पदंश, पुढे कपाशीवरील फवारणीची विषबाधा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अशा रुग्णाला तातडीने यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलवावे लागते. पण पुष्कळदा पहिले दार ठोठावले जाते ते गावातील वैद्याचे. हाक आली तर व्हिजिटचे पैसे, तेही बहुधा उधारीने, मिळतात. हाक न आलेल्या रात्रीचे काय? त्या रात्रीही वैद्य परगावच्या लग्नकार्याला जात नाही, फोन उशाशी ठेवून निजतो, मुलांना दिलेला शब्द मोडतो. औषधी दुकानदाराचेही तेच; मध्यरात्री चिठ्ठी लिहिली गेली की कडी त्याच्याही दाराची वाजते.

नोकरीतील आपल्या बांधवांची स्थिती निराळी नाही. राज्यात 2014 पासून सुरू असलेल्या 108 रुग्णवाहिका सेवेचा भार मोठ्या प्रमाणावर बीएएमएस पदवीधरांनी उचलला आहे. आदिवासी भागांतील भरारी पथकांचे मानसेवी वैद्यकीय अधिकारी तर वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर राबले.

युरोपीय न्यायालयाने 2003 साली, जर्मनीतील कील येथील एका डॉक्टरच्या प्रकरणात, रुग्णालयात हजर राहून बोलावण्याची वाट पाहण्याचा सारा वेळ, त्यात डॉक्टर झोपलेला असला तरी, कामाचाच वेळ ठरवला. तो निर्णय कामाच्या तासांपुरता होता, वेतनाविषयी नव्हता. तरी प्रतीक्षा म्हणजे विश्रांती नव्हे, हे तत्त्व आपणही स्वीकारण्याजोगे आहे.

चिकित्सेचा बाजार मांडू नये, हे चरकाचार्यांचे वचन आपल्याला वारंवार ऐकवले जाते. ते शिरोधार्यच आहे. मात्र त्याच रसायनपादात, उपचार घेऊन वैद्याची परतफेड न करणाऱ्यास निष्कृती नाही, असेही सांगितले आहे. निद्रा हा त्रयोपस्तंभांपैकी एक, तिचा वेग अधारणीय आणि रात्रिजागरण रूक्षता वाढवणारे, हे आपण रुग्णांना नित्य सांगतो. वैद्याच्या देहाला शास्त्राने त्यातून सूट दिलेली नाही.

गरीब रुग्णाने हा भार कसा सोसावा, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. म्हणूनच तयारीचा मोबदला रुग्णाच्या खिशातून येऊ नये. शासकीय व कंत्राटी सेवेत तो वेतनाचा स्वतंत्र भाग असावा आणि जागरणानंतरचा दिवस विश्रांतीचा मिळावा. खासगी वैद्यांनी व दुकानदारांनी तालुका शाखेमार्फत रात्रपाळीचे वेळापत्रक आखावे. सात वैद्य एकत्र आले तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून एकच रात्र येईल. उरलेल्या सहा रात्री कुटुंबाच्या, हाच त्यातला मोठा मोबदला. रात्रीचे शुल्क दर्शनी फलकावर लावावे. ते कोणास माफ करायचे हा अधिकार वैद्याचाच राहावा.

शाखेच्या आगामी सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, ही सर्व सभासदांना विनंती.