काम कधी थांबलं, ते आधी लिहून ठेवा

म्हैसुरात कराराला ‘करारु’ म्हणतात, वकिलाला ‘वकीलरु’, तारखेला ‘तारीखु’. सही करा म्हणायचं तर ‘रुजु माडि’. मराठी कानाला हे सगळं घरचं वाटतं, आणि तिथेच घात होतो. शब्द ओळखीचे वाटले की वाक्यही कळलं असं आपण धरून चालतो. आमच्या घराच्या बांधकामाच्या करारावर मी अशीच सही केली. पाच पानं, सगळी कन्नडमध्ये. कंत्राटदार बोलायला गोड होता. पानं वाचून दाखवा म्हटलं तर त्याला अविश्वास वाटेल, अशी मला भीड पडली.

स्लॅब टाकला, भिंती उभ्या राहिल्या, चार हप्ते गेले आणि काम थांबलं. मग सुरू झालं ‘मुंदिन तिंगळु’, पुढच्या महिन्यात. फोन केला की पुढच्या महिन्यात, साइटवर गाठलं की पुढच्या महिन्यात. त्याने नाही असं कधीच म्हटलं नाही, म्हणून आम्हीही भांडलो नाही. अशी अडीच वर्षं गेली.

शेवटी शेजाऱ्यांनी एका वकीलबाईंकडे नेलं. मी तावातावाने सगळी कहाणी सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून एकच प्रश्न विचारला : काम कोणत्या तारखेला थांबलं? मला सांगता आलं नाही. मी पुन्हा त्याच्या थापा सांगू लागलो, त्यांनी पुन्हा तारीख विचारली. बायकोच्या फोनमधल्या फोटोंवरून आम्ही ती कशीबशी काढली, तेव्हा कळलं की हातात जेमतेम पाच महिने उरले आहेत.

हे आवाहन मी त्या पाच महिन्यांसाठी लिहितो आहे. मुदत कायदा १९६३ प्रमाणे करारभंगाच्या भरपाईचा दावा करार मोडल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. समोरचा तोंडी ‘देतो, करतो’ म्हणत राहिला म्हणून ही मुदत वाढत नाही. ती संपायच्या आत त्याने आपली जबाबदारी लेखी कबूल करून खाली सही केली, तरच कबुलीच्या दिवसापासून नवी मुदत धरतात. ग्राहक आयोगात तर दोनच वर्षं मिळतात. घरबांधणी ही त्या कायद्यात सेवा धरली जाते, जिल्हा आयोगात वकिलाशिवाय स्वतः तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. हा दरवाजा आमच्यासाठी बंद झाला होता. उशीर माफ करून घ्यायला सबळ कारण लागतं. आमच्याकडे फक्त भिडस्तपणा होता.

म्हणून माझी पहिली विनंती ही, की वकिलाकडे जाणं म्हणजे भांडण पेटवणं असं समजू नका. आपल्याकडे कोर्टाची पायरी चढण्याला फार बिचकतात, आणि परमुलखात तर जास्तच. पण वकिलाचा सल्ला घेणं वेगळं आणि दावा लावणं वेगळं. पहिल्या भेटीत आपण कुठे उभे आहोत एवढं जरी कळलं तरी रात्रीची झोप परत येते. माझी आली.

दुसरी गोष्ट सांगायला मला जड जातं, पण ती सांगितल्याशिवाय या लिहिण्याला अर्थ नाही. बांधकाम चालू असताना मी वरच्या मजल्यावर एक खोली वाढवायला तोंडी सांगितलं होतं, आणि तिसरा हप्ता सहा आठवडे उशिरा दिला होता. हे मी वकीलबाईंना सांगितलं नाही. आपली बाजू लंगडी दिसेल असं वाटलं. नोटीस गेली, आणि उत्तरात या दोन्ही गोष्टी ठळकपणे आल्या. वकीलबाई रागावल्या नाहीत. पण म्हणाल्या, हे मला तुमच्याकडून कळलं असतं तर नोटीस वेगळी लिहिली असती. डॉक्टरांना पथ्य मोडल्याचं सांगतो, तसं वकिलाला आपली चूक सांगा. तुमचं बोलणं त्याने गुप्त ठेवावं असा कायदाच आहे. समोरच्याला मात्र तुमची चूक पाठ असते.

भरपाईचा हिशेबही मी चुकीचा धरला होता. करारात उशिराला दिवसाला हजार रुपये दंड लिहिला होता. मी दिवस मोजून गुणाकार केला आणि तो आकडा मनात पक्का करून बसलो. भारतीय करार कायदा १८७२ मधलं कलम ७४ तसं सांगत नाही. लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, तिच्या आत न्यायालय वाजवी वाटेल तेवढं देतं. फतेहचंद विरुद्ध बाळकिशनदास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ सालीच हे स्पष्ट केलं आहे. कलम ७३ प्रमाणे दूरचं, ओढूनताणून जोडलेलं नुकसान मिळत नाही, आणि नुकसान आवरण्याचे जे उपाय तुमच्या हातात होते तेही मोजले जातात. उघड्या सळया पावसात गंजू देऊन नंतर त्यांचे पैसे मागितले, तर झाकल्या का नाहीत असं विचारणारच.

मग अर्धं घर दुसऱ्याकडून पुरं करून घ्यावं का? घ्यावं, पण घाईने नको. विशिष्ट अनुतोष कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे करार मोडणाऱ्याला किमान तीस दिवसांची लेखी नोटीस देऊन काम दुसऱ्याकडून करून घेता येतं, आणि तो खर्च पहिल्याकडून मागता येतो. नवा मेस्त्री आणण्याआधी स्वतंत्र इंजिनिअरकडून झालेल्या कामाचं मोजमाप करून घ्या, तारखेसह फोटो काढा. एकदा नवं प्लास्टर चढलं की जुनं किती झालं होतं हे कोणालाच सांगता येत नाही.

व्हॉट्सॲपवरचे निरोप पुसू नका आणि तो फोन विकू नका. ते निरोप पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोन हाती असला की ते सोपं जातं.

काही जण रागाच्या भरात पोलीस ठाणं गाठतात. करार पाळला नाही एवढ्याने फसवणुकीचा गुन्हा होत नाही. सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता, हे दिसावं लागतं. तसं नसेल तर त्या फेऱ्यांत मुदतीतले महिने जातात.

आणखी एक प्रकार. समोरचाच उलट म्हणतो, करार तुम्ही मोडलात, म्हणून तुमची अनामत जप्त. अशा वेळी तीर्थहळ्ळीच्या श्री रामेश्वर राइस मिल्सची आठवण ठेवा. कर्नाटक सरकारने करारातल्या कलमाचा आधार घेऊन या गिरणीकडून स्वतःच ठरवलेली भरपाई वसूल करायला घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये सांगितलं की भंग झाला हे गिरणीला मान्य नसताना तो निवाडा सरकारने स्वतः करायचा नाही, तो तटस्थ यंत्रणेने करायचा. सरकारला जे चाललं नाही, ते घरमालकाला किंवा बिल्डरलाही चालणार नाही.

दुकानदार आणि लघुउद्योजकांसाठी थोडक्यात : व्यापारी वाद तीन लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल आणि तातडीचा हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. पाटील ऑटोमेशन खटल्यात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं ठरवलं. करारात लवादाचं कलम असेल तर रस्ताच बदलतो, तेव्हा ते पान वकिलाला आधी दाखवा.

वकिलाची फी विचारायला लाजू नका. किती, कोणत्या टप्प्याला, पावती मिळेल का, हे पहिल्याच दिवशी बोला. ‘जिंकलो तर इतके टक्के’ असा सौदा वकिलाने करणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, म्हणून तशी भुरळ कोणी घातली तर सावध व्हा. फी थकली म्हणून वकील तुमचे कागद अडवून ठेवू शकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे. तरी मूळ कागद देताना यादी करून सही घ्या. आणि ज्यांना वाटतं की वकील आपल्याला परवडणारच नाही, त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करावी. बायकांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

आमचं प्रकरण दावा लावल्यावर न्यायालयाने मध्यस्थीकडे पाठवलं. तीन बैठका झाल्या. वाढीव खोलीचे पैसे त्याला द्यायचे हे मी मान्य केलं, नव्या मेस्त्रीचा बराचसा खर्च त्याने मान्य केला. माझ्या गुणाकाराच्या निम्म्याहून कमी रक्कम हाती आली. मी समाधानी आहे. तिसऱ्या बैठकीत तडजोडीचा मसुदा कन्नडमध्ये समोर आला, तेव्हा मी वकीलबाईंना म्हटलं, सगळा वाचून अर्थ सांगा, मग सही करतो. पाऊण तास लागला, आणि कोणीही रागावलं नाही.

तुमच्या घरात असा एखादा थांबलेला करार असेल तर आज जेवण झाल्यावर ती फाईल काढा. करार, पावत्या, बँकेच्या नोंदी, फोटो, पत्रं एका जागी आणा. वहीच्या कोऱ्या पानावर क्रमाने काय घडलं ते लिहा, तुमच्या चुकाही लिहा. आणि सगळ्यात वर, काम कोणत्या दिवशी थांबलं ती तारीख.