क्रेनला मेंदू, गटारात माणूस



हा अंक उशिरा निघतोय. कागदाचे पैसे जमले तेव्हा प्रेसवाला गावाला, आणि तो आला तेव्हा आमच्या रात्रपाळ्या. असो. दर अंकात आपण अत्याचारावर लिहितो. या वेळी अग्रलेख यंत्रावर आहे. काही मित्र म्हणाले, वस्त्या जळतायत आणि तू क्रेनवर लिहिणार? होय, लिहिणार. ज्याच्या चुलीचा भरवसा नाही तो गावगुंडापुढे ताठ उभा राहू शकत नाही. आणि चूल पेटणार की नाही, हे यापुढे बरंचसं यंत्रावर ठरणार आहे.

सध्या जो उठतो तो भविष्य सांगतोय. टीव्हीवर, कॉलेजात, मंत्र्याच्या भाषणात एकच पालुपद. कृत्रिम बुद्धिमत्ता येणार, सगळं बदलणार, माणसाला काम उरणार नाही. पांढरपेशा हादरलाय. आमच्या बापजाद्यांच्या पाठीवरचं काम यंत्राने नेलं तेव्हा हेच लोक त्याला प्रगती म्हणत होते. आता यंत्र त्यांच्या टेबलापाशी येऊन उभं राहिलं तर त्यांना एकदम माणुसकी आठवली. आठवली ते बरं झालं. पण हे भविष्य आम्हाला कुणी ज्योतिषाने सांगायला नको. गोदीने ते कधीच भोगलंय.

२६ एप्रिल १९५६. अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला 'आयडियल एक्स' नावाचं जहाज ५८ लोखंडी पेट्या घेऊन निघालं. डोकं माल्कम मॅक्लीन नावाच्या एका ट्रकवाल्याचं. सुटा माल हाताने भरायला टनाला जवळपास ६ डॉलर लागायचे. पेटीने तेच काम १६ सेंटच्या आसपास झालं. या दोन आकड्यांच्या मधली जी दरी आहे ना, तिच्यात जगभरच्या गोदी कामगारांच्या टोळ्या गडप झाल्या. त्याआधी फाळक्यात उतरायची ती टोळी, विंचवर एक, धक्क्यावर दुसरी टोळी, गोदामात तिसरी. गोणीला हुक मारणारा, मोजणारा, शिवणारा, झाडणारा. जहाज दिवसेंदिवस धक्क्याला लागलेलं असायचं आणि तेवढे दिवस कितीतरी घरांत भाकरी भाजली जायची. आता जहाज येतं, पेट्या उतरवतं, पेट्या चढवतं आणि दीड-दोन दिवसांत समुद्रावर परत.

मुंबईत प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया १८८८ चा, अलेक्झांड्रा १९१४ चा. त्यालाच पुढे इंदिरा डॉक म्हणू लागले. या गोद्यांच्या दारात टोळीवाला बोट दाखवील त्यालाच काम, अशी रीत होती. उरलेले उपाशी घरी. लढून लढून १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला. डॉक लेबर बोर्ड आलं, नोंदणी झाली, पाळी लागली, आणि काम नसलं तरी हजेरीचे पैसे मिळू लागले. माणूस धक्क्यावरचा भंगार माल नाही, एवढं तरी कागदावर आलं. पुढे २६ मे १९८९ रोजी खाडीपलीकडे न्हावा शेवा बंदर सुरू झालं. तिथून २०२४-२५ साली, वीस फुटी पेटीच्या हिशोबाने, ७३ लाखांच्या आसपास कंटेनर गेले-आले. माल वाढतच गेला, आणि मुंबईचं डॉक लेबर बोर्ड १९९४ सालीच पोर्ट ट्रस्टात विलीन होऊन संपलं होतं.

मी बंदरात लॅशिंगच्या टोळीत आहे. जहाजावर पेट्यांचे थर लोखंडी सळयांनी आवळायचे नाहीतर सोडायचे, कोपऱ्यातले ट्विस्टलॉक लावायचे नाहीतर काढायचे. हे काम अजून यंत्राला नीट जमत नाही म्हणून मी आहे. माझं नाव बंदराच्या वहीत नाही, ठेकेदाराच्या वहीत आहे. यात माझं रडगाणं नाही. टोळीतल्या सगळ्यांचं असंच आहे. सांगायचं ते पुढचं.

पोर्ट ट्रस्टाची नोकरी सरकारी होती, म्हणून तिच्यात राखीव जागा होत्या. आपल्या कितीतरी वस्त्यांतली पहिली पगाराची पावती, पहिली पेन्शन, पहिलं मॅट्रिक झालेलं पोरगं हे असल्याच नोकऱ्यांतून आलं. मग मोठ्या क्रेन आल्या, आणि क्रेनबरोबर खाजगी टर्मिनलवाले आले. २०२१ साली मोठ्या बंदरांचा नवा कायदा झाला. २०२२ साली न्हावा शेव्याचं शेवटचं सरकारी कंटेनर टर्मिनलही खाजगी हातात गेलं. आता सरकार नुसतं जमिनीचं भाडं घेणार. खाजगी टर्मिनलला आरक्षणाचं बंधन नाही. बघा, किती सभ्यपणे झालं! कुणी घटना जाळली नाही, कुणी आरक्षणाविरुद्ध मोर्चा काढला नाही. यंत्राच्या आडून मालक बदलला आणि राखीव जागा गुपचूप समुद्रात बुडाल्या.

आपल्यातलेच काही डावे दोस्त म्हणतात, उद्योग येऊ दे, यंत्र येऊ दे, जात आपोआप मोडेल. मार्क्सनेही १८५३ साली लिहिलं होतं की रेल्वेतून निघणारे नवे धंदे जातींचा आधार असलेली कामाची वंशपरंपरागत वाटणी मोडून काढतील. त्याच वर्षी मुंबई-ठाणे गाडी धावली. गिरण्या उभ्या राहिल्या. झालं काय? विणकाम खात्यात पगार जास्त, आणि त्या खात्यात अस्पृश्याला मज्जाव. का, तर धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक तोंडाने ओढून भोकातून काढावं लागे, आणि महाराची उष्टी लाळ स्पृश्य विणकराला चालत नव्हती. वाफेचं इंजिन इंग्लंडचं, साचे इंग्लंडचे, आणि त्यांच्यावर बसलेला मनू मात्र अस्सल देशी! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना ठणकावलं की विणकाम खातं आमच्यासाठी उघडा, ही मागणी घ्या. तेव्हा कुठे ती कशीबशी घेतली गेली. लोखंड जात मोडत नाही, दोस्तहो. जात मोडायला माणसं लागतात.

आणि यंत्र जिथे नक्की यायला हवं तिथे ते का येत नाही, हेही विचारा. रॉटरडॅमच्या धक्क्यावर १९९३ पासून ड्रायव्हरशिवाय गाड्या कंटेनर वाहतायत. चीनच्या छिंगदाओ बंदरात २०१७ पासून क्रेन स्वतःच पेटी उचलतात. आपण चंद्रावर यान उतरवलं, २०२३ साली. आणि २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत या देशात गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३७७ माणसं मेली. हा आकडा आमचा नाही, सरकारनेच संसदेत दिलाय. 'नमस्ते' योजनेखाली २०२४ पर्यंत ज्या ३८ हजार गटार-टाकी कामगारांची नोंद झाली, त्यांत शंभरातले जवळपास ९२ अनुसूचित जाती-जमातींचे नाहीतर इतर मागासवर्गाचे. नुसत्या अनुसूचित जातींचेच ६९ च्या घरात. कायदा २०१३ चा आहे. सुप्रीम कोर्टाने २०१४ साली मेलेल्याच्या घराला १० लाख द्या म्हटलं, २०२३ साली ३० लाख द्या म्हटलं. आपल्या मढ्याचा भाव तिप्पट झाला. जिवंत माणसाचा कधी होणार?

यंत्र नाही म्हणून माणूस उतरतो, असं कुणी म्हणेल तर ती थाप आहे. केरळातल्या इंजिनियर पोरांनी बनवलेला 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव २०१८ पासून मॅनहोलमध्ये उतरून गाळ काढतोय. यंत्र आहे, पैसेही आहेत. फक्त गोदीत माणूस महाग पडतो म्हणून तिथे यंत्र येतं, आणि गटारात माणूस स्वस्त पडतो म्हणून तिथे येत नाही. हा माणूस स्वस्त कुणी केला, ते मी तुम्हाला सांगायला नको. सफाई कामगारासाठी यंत्र अगदीच आलं नाही असं नाही हां. नागपूर महापालिकेने त्यांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली होती, चंदीगडनेही बांधली. कामगार चहाला कुठे थांबला ते साहेबाला खुर्चीत बसून दिसावं म्हणून! त्याच्या नाकात विषारी वायू जातोय का, हे सांगणारं यंत्र मात्र त्याला कुणी बांधलं नाही.

तीच गत आपल्या डिलिव्हरीवाल्या पोरांची. जुना टोळीवाला गोदीच्या दारात उभा असायचा, निदान त्याची कॉलर धरता यायची. आता तो मोबाईलात शिरलाय. काम कुणाला, किती पैशाला, आयडी कुणाची बंद, सगळं तोच ठरवतो, आणि जाब विचारायला गेलं तर समोर कुणी नाही. १९४८ पूर्वीचं गोदीचं दार पुन्हा उभं राहिलंय, फक्त आता ते खिशात मावतं.

मग आपण यंत्र फोडायचं का? चरखा घेऊन बसायचं? मुळीच नाही. १९४५ साली बाबासाहेबांनी 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं' हा इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात गांधीवादाचा हाच मुद्दा सोलून काढलाय. त्यांचं म्हणणं असं की यंत्राशिवाय माणूस जनावराच्या जिण्यातून सुटत नाही. यंत्र फुरसत देतं आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. यंत्राने जे वाटोळं होतं त्याचा दोष यंत्राचा नाही, यंत्राचा फायदा मूठभरांच्या खिशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे. नुसतं लिहून ते थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आणण्याची बाजू त्यांनी लढवली आणि १९४६ साली तसा कायदा झाला. यंत्राने वाचवलेला वेळ कामगाराच्या पदरात पडला पाहिजे, हा त्याचा अर्थ. तेव्हापासून यंत्रं कुठल्या कुठे गेली. मग आमची पाळी बारा तासांची का?

परदेशातल्या गोदी कामगारांनी हाच सवाल केला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १९६० साली युनियनने करार केला: यंत्र आणा, पण कुणाला काढायचं नाही, आणि बचतीतून वर्षाला ५० लाख डॉलर कामगारांच्या फंडात टाका. २०२४ च्या ऑक्टोबरात पूर्व किनाऱ्यावरच्या ४५ हजार कामगारांनी तीन दिवस बंदरं बंद ठेवली. पगाराइतकाच स्वयंचलित यंत्रांचा प्रश्न त्यात होता. त्यांच्याकडे युनियन आहे. आपल्याकडे अठरा गट, आणि प्रत्येक गटाचा वेगळा बॅनर.

वेळ फार नाही. पालघरच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. खर्च ७६ हजार २२० कोटी. सरकार म्हणतं दहा लाख रोजगार. जाळी टाकणारे कोळी आणि मागचे आदिवासी म्हणतात, आमचा समुद्र गेला. आम्ही त्यांच्या बाजूने आहोत. शिवाय आमचा सवाल आहे: या दहा लाखांत कंट्रोल रूमच्या खुर्चीत कोण बसणार, आणि झाडू कोण धरणार? केरळातल्या विझिंजम बंदरात यार्डातल्या क्रेन दूरच्या खोलीतून चालतात, आणि त्या चालवणाऱ्यांत मच्छीमार वस्त्यांतल्या बाया आहेत. म्हणजे ती खुर्ची कुणाच्या आईच्या पोटातून आलेली नसते. शिकवलं की बसता येतं.

म्हणून आपल्या मागण्या मांडतो. वस्तीवस्तीत वाचा, चर्चा करा, भर घाला.

पहिलं यंत्र गटारात. ज्या गटारात माणूस उतरला तिथल्या ठेकेदाराला आणि अधिकाऱ्याला तुरुंग.

सरकारी जमिनीवरच्या प्रत्येक खाजगी टर्मिनलमध्ये राखीव जागा, ऑपरेटरच्या खुर्चीपासून.

यंत्राने जो पैसा आणि वेळ वाचतो त्यात कामगाराचा वाटा. ठेक्यावरच्या गोदी कामगाराला आणि मोबाईलवर काम करणाऱ्या पोराला १९४८ सारखं बोर्ड, काम नसल्या दिवशीही हजेरी.

एक शेवटचं, लिहिणाऱ्या मित्रांसाठी. ही नवी बुद्धिमत्ता म्हणे जगातलं लिहिलेलं वाचून शिकते. ज्यांच्या हाती हजारो वर्षं लेखणी होती त्यांचंच ती जास्त वाचणार आणि उद्या आपल्या पोरांना तेच शिकवणार. तेव्हा कवितेला हात आखडू नका. गोदीतलं लिहा, गटारातलं लिहा, आईने सांगितलेलं लिहा, शुद्धलेखनाची फिकीर न करता लिहा. पुढचा अंक त्यासाठीच आहे. मजकूर आणि जमतील तेवढे पैसे, दोन्ही पाठवा.

जयभीम!